आधी एक चाक उघडा: जुनी पिकअप घरी करायची की मिस्त्रीकडे द्यायची?

निफाडकडच्या मामाच्या मळ्यात बाभळीखाली एक महिंद्रा एफसी पिकअप उभी होती. तिला नाकच नाही. ड्रायव्हर थेट पुढच्या चाकावर बसतो आणि इंजिन त्याच्या नि क्लिनरच्या मध्ये, पत्र्याच्या झाकणाखाली. लहानपणी त्या झाकणावर गोणपाट टाकून आम्हाला बसवायचे. पिंपळगाव बसवंतच्या मार्केटला पोचेपर्यंत खालून असे चटके बसायचे की गोणपाटाची घडी दोनदा बदलावी लागायची. घरात तिचं नाव बोक्या.

मामा गेल्यावर वर्षभरानं मामेभावाचा फोन आला. "दादा, भंगारवाला किलोवर न्यायला तयार आहे. तुला हवी असली तर सांग, नाहीतर देऊन टाकतो." मी म्हणालो, "थांब." त्या एका शब्दानं माझे दीड वर्षाचे रविवार खाल्ले.

नाशिकमध्ये असं 'थांब' म्हणणारे कमी नाहीत. सातपूरला महिंद्राचा कारखाना, अंबड-सातपूरच्या एमआयडीसीत गल्लीगल्लीला लेथ, आणि दिंडोरी-निफाडच्या बागांमध्ये अजून कुठेतरी एखादी जुनी जीप किंवा पिकअप औषधाची टाकी ओढतेच आहे. त्यामुळे 'आपणच करू की' असं पटकन वाटतं. ते वाटल्यापासून पहिला नट खोलेपर्यंतच्या काळात काय-काय बघायचं, तेवढंच इथे सांगतो. इंजिन कसं बांधायचं हा नंतरचा भाग. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक अर्धवट गाड्या इंजिनापाशी अडलेल्या नाहीत. त्या आधीच्या ठरवण्यातच चुकलेल्या आहेत.

गाडी कशाला हवी आहे?

उत्तर एका वाक्यात वहीत लिहा. 'मामाची आठवण', 'मळ्यावर वापरायला', 'रॅलीत न्यायला', 'करून विकायला'. शेवटचं उत्तर असेल तर पुढचं वाचू नका. घरी केलेल्या पिकअपमध्ये स्वतःच्या मजुरीचा एक रुपया न धरताही पैसे सुटतात असं मी तरी अजून पाहिलेलं नाही. पिकअपला मुळात गिऱ्हाईक कमी. उघड्या जीपला असतं, हौद्याच्या गाडीला नसतं.

मळ्यावर वापरायला हवी असेल तर तिला नवीकोरी करू नका. ब्रेक, स्टिअरिंग, टायर, वायरिंग आणि इंजिन एवढं धड करा, रंग तसाच राहू द्या. रॅलीसाठी हवी असेल तर काम तिप्पट होतं, कारण मग हॉर्नचं बटणही मूळचं लागतं. आठवणीसाठी हवी असेल, तर नेमकी कुठली गोष्ट आठवणीत आहे ते विचारा. माझ्या बाबतीत ते इंजिनाचं झाकण होतं. रंगाशी माझं काही देणंघेणं नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं.

कागद आधी, गाडी नंतर

मळ्यात गेल्यावर सगळे बॉनेट शोधतात. तुम्ही आधी आरसी बुक मागा. नसेल तर निदान नंबर, आणि चासीवर ठोकलेला नंबर. १ जुलै १९८९ला नवा मोटार वाहन कायदा लागू झाल्यावर आपल्याकडे एमएच-१५ सुरू झालं. त्याआधीच्या गाड्यांवर तीन अक्षरं आणि आकडे असा जुना नंबर असतो. तो दिसला की लोकांना मोती सापडल्यासारखा आनंद होतो. पण पाटीवरचा नंबर कुणीही रंगवतो. चासीच्या पट्टीवरची माती वायर-ब्रशनं काढा, वर कोरा कागद धरा आणि पेन्सिल घासा. उमटलेला नंबर आरसीशी अक्षर-अक्षर जुळला पाहिजे. एक आकडाही गंजात गेला असेल तर ते प्रकरण पेठ रोडवरच्या आरटीओत जाऊन आधी विचारा, गाडी टेम्पोवर चढवल्यावर नव्हे.

मूळ मालक वारला असेल तर वारसांच्या नावावर करायला फॉर्म ३१ लागतो. नियमानं मृत्यूनंतर तीस दिवसांत कळवायचं आणि तीन महिन्यांत अर्ज द्यायचा. आमच्याकडे अर्थातच यातलं काही झालेलं नव्हतं. तीन मामेभाऊ आणि एक मामेबहीण, सगळ्यांच्या सह्या. घरातल्या एका बारशाला सगळे एकत्र आले तेव्हा जेवणाच्या पंगतीआधी मी कागद पुढे केले, म्हणून जमलं. बँकेचा बोजा असेल, मग ती बँक आज त्या नावानं अस्तित्वात असो वा नसो, तो फॉर्म ३५वर उतरवून घ्यावा लागतो. गाडी दुसऱ्या जिल्ह्यातली असेल तर तिकडच्या कार्यालयाची एनओसी.

आता पिकअपवाल्यांना नेमकं नडणारं कलम. बुकात ती बहुधा मालवाहू म्हणून नोंदलेली असते. मालवाहू गाडी आठ वर्षांची झाली की दरवर्षी फिटनेस लागतं. शिवाय गाडी बंद ठेवल्याची नोंद वेळेत दिलेली नसेल तर कर थकत राहतो, त्यावर दंड, वर जुन्या गाडीचा पर्यावरण कर. ही रक्कम गाडीच्या किमतीहून जास्त निघू शकते. आधी ती काढून घ्या.

"पण आपली विंटेज आहे ना?" असं कोणीतरी म्हणतंच. २०२१मध्ये केंद्रानं विंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात ठेवलेली, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न केलेली गाडी असेल तर 'व्हीए' अक्षरांची वेगळी मालिका मिळते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. मात्र अशी गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या कामाला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं एवढ्यासाठीच. आणि नियमाची भाषा खासगी वापराच्या दुचाकी-चारचाकीची आहे. मालवाहू म्हणून नोंदलेली पिकअप त्यात बसवायची म्हणजे आधी आरटीओच्या खिडकीवर प्रश्न विचारायचा आणि उत्तर हाती आल्याशिवाय रंगाचा डबा आणायचा नाही.

आणखी एक. या गाड्यांचं मूळचं पेट्रोल इंजिन काढून पुढे कुणीतरी डिझेल बसवलेलं असणं अगदी सर्रास. तेव्हा तो शहाणपणा होता, पेट्रोल परवडत नव्हतं. पण बुकात 'पेट्रोल' आणि झाकणाखाली मॅटाडोर व्हॅनचं डिझेल इंजिन, अशी स्थिती असेल तर इंजिन बदलल्याची नोंद आहे का ते बघा. व्हीएचं दार अशा बदलानं बहुधा बंदच होतं, आणि नोंद नसेल तर साध्या नोंदणीलाही अडचण.

कागद होणार नाहीत असं दिसलं तर निर्णय इथेच झाला. मळ्याच्या बांधाआत फिरवायला ठेवा, नाहीतर मामेभावाला हो म्हणा.

एक सकाळ, ओळंबा आणि लोहचुंबक

कागद ठीक असतील तर एक अख्खी सकाळ गाडीसाठी काढा. बरोबर टॉर्च, जुना स्क्रूड्रायव्हर, लोहचुंबक, ओळंबा, खडू आणि मोजपट्टी. कपडे टाकाऊ घाला. पोराला किंवा मित्राला घेऊन जा, कारण मोजपट्टीचं दुसरं टोक धरायला कोणीतरी लागतं.

सुरुवात चासीपासून. गाडी बऱ्यापैकी सपाट जागी ढकला. मागच्या-पुढच्या पाट्यांचे (म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगांचे) शॅकल जिथे चासीला धरलेले असतात, त्या चार ठिकाणांवरून ओळंबा सोडा आणि जमिनीवर खडूनं फुल्या मारा. मग गाडी बाजूला घेऊन फुल्यांमधले दोन्ही कर्ण मोजा. आमच्या बोक्याचे कर्ण पाच मिलिमीटरनं कमी-जास्त आले. एवढं माझ्या खडूच्या रेघेतच जातं. बोटभर फरक आला असता तर गाडीनं कधीतरी मोठा मार खाल्लेला आहे. वाकलेली चासी घरी सरळ होत नाही. जिथे होते तिथे ती पूर्ण उघडी करून न्यावी लागते.

मग गंज. स्क्रूड्रायव्हरनं चासीच्या आतल्या बाजूला, आडव्या पट्ट्यांच्या जोडावर, पाट्याच्या हँगरपाशी (पाटा जिथे चासीला टांगलेला असतो तिथे) जोर लावून टोचा. पापुद्रे निघणं ठीक. टोक आत गेलं तर ठीक नाही. एखादं भोक पट्टी मारून जातं. पाट्याचा हँगर ज्यावर आहे तीच पट्टी कुजलेली असेल, तर ते काम घरच्या वेल्डिंगनं करू नका.

आपल्या भागातल्या पिकअपांचा एक खास शत्रू आहे: मोरचूद. द्राक्षाच्या केवडा रोगावर बोर्डो मिश्रण मारायचं म्हणजे मोरचूद आणि चुना. त्याच्या गोण्या, गळकी टाकी, ओले पाइप वर्षानुवर्षं हौद्यात पडलेले असतात. मोरचुदाचं पाणी लोखंडावर पडलं की त्यातलं तांबं पत्र्यावर बसतं आणि लोखंड विरघळून जातं. बोक्याच्या हौद्यात वरून छान चेकर प्लेट ठोकलेली होती. एक कोपरा उचकटला तेव्हा खाली गंजाचा नेहमीचा तपकिरी रंग नव्हता. नव्या पैशासारखी लालसर झाक होती, आणि तिच्याखाली पत्रा बिस्किटासारखा तुटत होता. खतं आणि पोल्ट्रीच्या खताची वाहतूक केलेल्या गाडीचंही असंच. म्हणून विकणाऱ्याला 'गाडी किती चालली' यापेक्षा 'काय वाहिलं' हे विचारा.

केबिन लोहचुंबकानं तपासा. चुंबक पत्र्यावर टक्कन बसतो. जिथे बसत नाही किंवा लगेच घसरतो तिथे रंगाखाली लांबी (पुट्टी) भरलेली आहे. चुंबक फिरवत जा आणि जिथे सुटतो तिथे खडूनं गोल करा. दाराचा खालचा भाग, पायरी, काचेखालची पट्टी, ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा. आमच्या केबिनवर इतके गोल झाले की मामेभाऊ म्हणाला, "गोवर आलाय हिला."

इंजिनाला इथे सर्वात कमी वेळ द्या. लोकांचं उलट होतं. हँडल लावून हळूच फिरतंय का बघा. फिरत नसेल तर जोर करू नका. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं डिझेल सोडा, आठवडाभर राहू द्या, मग पुन्हा. ऑइलची काठी काढून बघा: दुधाळ चहासारखं असेल तर पाणी आत गेलंय. इंजिन फिरत असेल आणि बॅटरी लावता येत असेल तर कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, मोजून घ्या. या जुन्या कमी दाबाच्या पेट्रोल इंजिनात आकडा शंभर पीएसआयच्या वर असला तर आनंद माना, पण खरं बघायचं ते सिलिंडरांमधला फरक. सर्वात वरच्या आणि सर्वात खालच्यात दहा टक्क्यांपेक्षा फार जास्त तफावत असली तर इंजिन काम धरूनच चाला. ते वाईट नाही. जीपचं चार सिलिंडरचं हरिकेन इंजिन आपल्या देशात इतकी वर्षं बनलं की बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, पिस्टन-रिंग हे सगळं अजून होतं. इंजिन पैसे टाकले की बरं होतं. केबिनचा पत्रा पैसे टाकूनही मिळत नाही, तो ठोकून घडवावा लागतो.

काय मिळतं, काय मिळत नाही

घरी येऊन यादी करा: गाडीत काय नाही, आणि काय आहे पण निकामी. एफसीचं गिअर बॉक्सपासून ब्रेकपर्यंतचं बरंचसं सामान जीपशी जुळतं. ते नाशिकच्या जुन्या पार्टवाल्यांकडे विचारा, तिथे नाही तर मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, दिल्लीत काश्मिरी गेट आणि मायापुरी. हरियाणात डबवालीला जुन्या जीप बांधण्याचा मोठा धंदा आहे, तिकडूनही माल येतो. विचारताना नाव सांगून भागत नाही. जुना तुकडा हातात घेऊन जा, निदान मोजपट्टीसह फोटो पाठवा.

केबिनचं सामान मात्र एफसीचंच लागतं. पुढची काच, दाराच्या काचेची यंत्रणा, दिव्यांच्या रिंगा, डॅशबोर्डचं मीटर. यातलं जे गाडीवर नाही ते मिळायला किती महिने लागतील हे कोणीच सांगू शकत नाही. म्हणून मोडकी का होईना, पण पूर्ण गाडी घ्या. अर्धी खोलून 'सगळे पार्ट पोत्यात आहेत बरं का' असं सांगितलेली गाडी मी तरी घेणार नाही. पोत्यात सगळे पार्ट कधीच नसतात.

रबराचं सामान सगळं नवीन धरा. आता पंपावर इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. ते जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा खातं, ओलावा ओढतं, कार्ब्युरेटरच्या जस्ताच्या अंगावर पांढरी भुकटी आणतं. इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या आणि पडदा पहिल्याच दिवशी यादीत लिहा, आणि गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर टाकी रिकामी ठेवा.

आता एक चाक

इथवर सगळं 'हो' आलं तरी 'मी स्वतः करीन' असं अजून म्हणू नका. गाडी घरी आणा, काहीही खोलू नका, फक्त पुढचं एक चाक घ्या आणि त्याचा ब्रेक पूर्ण करून बघा. या एका कामात गाडीची सगळी दुखणी लहान प्रमाणात भेटतात: जाम नट, गंज, न मिळणारा पार्ट, हरवणारी स्प्रिंग, आणि चुकलं तर जीव जाईल अशी जबाबदारी.

मागचं चाक नको. बऱ्याच जीपजातीच्या गाड्यांत मागचा हब निमुळत्या (टेपर) ऍक्सलवर घट्ट बसलेला असतो, त्याला जाड पुलर (ओढून काढायचं हत्यार) लागतो. पहिल्याच रविवारी हिरमोड कशाला?

उरलेल्या चाकांना दोन्ही बाजूंनी विटा नव्हे, लाकडी ठोकळे लावा. चाक जमिनीवर असतानाच नट सैल करा. आणि डाव्या बाजूला सांभाळा: या जुन्या गाड्यांत डाव्या चाकांचे नट अनेकदा उलट्या आट्यांचे असतात. मी ते ऐकलेलं होतं, तरी विसरलो. नट सुटत नाही म्हणून पान्यावर उभा राहिलो आणि दोन उड्या मारल्या. दुसऱ्या उडीला स्टड तुटला. तुटल्यावर त्याच्या तोंडावर ठोकलेलं 'एल' अक्षर दिसलं.

पाने सूतवाले लागतात. ही अमेरिकन वंशाची गाडी आहे, तिचे नट इंचात. चार सूत म्हणजे अर्धा इंच, सहा सूत म्हणजे पाऊण. पाऊण इंचाला १९चा पाना बसतो, बाकी बऱ्याच ठिकाणी मिलिमीटरचा पाना डोकं गोल करतो. भद्रकालीत जुन्या हत्यारांच्या दुकानात चांगले सूतवाले पाने चमकणाऱ्या नव्या संचापेक्षा स्वस्त मिळाले.

गाडी जॅकवर उचला, पण काम घोडीवर (लोखंडी स्टँडवर) ठेवूनच करा. जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालायचा नाही, 'दोन मिनिटांचं काम आहे' असं वाटलं तरीही. ऍडजस्टर मागे फिरवून ड्रम काढा. आतली धूळ हवेच्या पाइपनं उडवू नका; जुन्या लायनिंगमध्ये ऍस्बेस्टॉस असतं. ओल्या फडक्यानं पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका. स्प्रिंगा काढण्याआधी फोटो, नंतर डाव्या-उजव्या वेगळ्या पिशव्यांत. माझ्या बायकोनं इडलीचं एक जुनं पात्र दिलं. प्रत्येक खळग्यात एक नट-वॉशर, क्रमानं. त्याहून चांगली सोय मला अजून सापडलेली नाही.

व्हील सिलिंडरचं रबर उचला. आत ओलं असेल तर गळतंय. किट बदला, आतली भिंत खरवडलेली असेल तर सिलिंडरच बदला. पाइप तांब्याचा घालून देतो असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. साधं तांबं कंपनानं कडक होत जातं आणि तडकतं. ब्रेकला स्टीलचीच नळी. या गाड्यांच्या ब्रेकचा मास्टर सिलिंडर एकेरी असतो. एका चाकाची नळी फुटली की चारही ब्रेक गेले. सप्तशृंग गडाचा घाट उतरताना हे आठवलं तर फार उशीर झालेला असतो. म्हणूनच तुमचं पहिलं चाक तुम्ही स्वतः घाटात चालवणार नाही. ते एका जुन्याजाणत्या मिस्त्रीला दाखवायचं. माझं चाक बघायला आलेल्या वडाळा नाक्याच्या चाचांनी ब्रेकचे दोन्ही बूट (शू) उलटे लावल्याचं तीन सेकंदांत ओळखलं. बोक्याला लांब पट्टीचा बूट पुढे, आखूड मागे. मी नेमकं उलट केलं होतं, फोटो असूनही.

शेवटी ब्रेकच्या नळीतली हवा काढणं. एक जण पेडलवर, एक जण खाली. "दाब… धर… सोड." घरातलं कोणीतरी लागतं, आणि त्यांची चिकाटी इथे कळते.

चाक परत बसलं की वहीत तीन आकडे लिहा: किती तास लागले, किती पैसे गेले, किती दिवस ते अर्धवट पडून होतं. मला हाताचं काम एकोणीस तासांचं झालं, पण चाक सहा आठवडे उघडं होतं. तिसरा आकडा सर्वात खरं बोलतो. पार्ट यायला झालेला उशीर सोडून द्या, पण 'या रविवारी नको वाटलं' असे किती रविवार गेले ते प्रामाणिकपणे मोजा. एका चाकात तीन-चार निघाले, तर अख्ख्या गाडीत वर्षं निघतील.

चाक करताना मजा आली का, हेही लिहा. मला आली. माझ्या एका मित्राला नाही आली. त्याला गाडी चालवायला आवडते, खोलायला नाही. त्यानं त्याची जीप सरळ मिस्त्रीकडे दिली आणि आज ती चालते. माझी अजून उभी आहे.

कुठलं काम कुणाचं

एक चाक पार पडलं की मग वाटणी करा. सगळं स्वतः करण्याचा हट्ट धरला की गाडी पोर्चमध्ये म्हातारी होते.

खोलणं, साफ करणं, खुणा लावणं, वायर-ब्रश आणि रेड ऑक्साइड, ब्रेक, पाट्यांचे बुश, कार्ब्युरेटर, रेडिएटरच्या नळ्या हे घरी करा. यात मजुरी खूप वाचते आणि गाडी कळते. वायरिंगही घरी होतं. जुन्या पिकअपमध्ये डायनमो, कट-आउट, दिवे, हॉर्न एवढाच संसार. मल्टिमीटर घ्या, मूळ वायरिंग सहा व्होल्टचं की बारा व्होल्टचं ते तपासा, आणि एका वेळी एकच सर्किट बदला. आधी सगळ्या वायरी कापून मग आकृती शोधत बसू नका. प्रत्येक सर्किटला फ्यूज घाला. मूळ गाडीत तो नव्हता म्हणून तुम्हीही वगळायचा असं नाही.

बोअरिंग, क्रँक, हेड फेसिंग लेथवाल्याकडे. चासीचं वेल्डिंग अनुभवी माणसाकडे. पत्र्याचं काम डेंटरकडे, आणि तो असा हवा की जो पत्रा ठोकतो, लांबीचा डबा उघडत नाही. त्याला त्याचं जुनं काम दाखवायला सांगा आणि खिशातून लोहचुंबक काढा. चेहऱ्यावरूनच कळतं.

पेट्रोलची टाकी कितीही धुतलेली असली तरी तिला घरी वेल्डिंग लावायचं नाही. रिकाम्या टाकीतल्या वाफेचाच स्फोट होतो.

रंग मी घरी करणार होतो. कंप्रेसर भाड्यानं मिळतो, व्हिडिओ बघितलेले. मग कळलं की आजच्या दोन घटकांच्या पीयू रंगातली रसायनं फुप्फुसाला घातक असतात आणि तोंडाला बांधलेल्या रुमालानं ती अडत नाहीत. ते बूथमध्येच. डुको रंग मारायचा असेल तर दिवाळीनंतर. आपल्या पावसाळी दमट हवेत तो पांढुरका पडतो. एका पेंटरनं मला 'श्रावणात करून देतो, काही होत नाही' म्हणून आगाऊ रक्कम घेतली होती. दारावर साय आल्यासारखा थर आला आणि परत घासावं लागलं. आगाऊ पैसे देताना काम टप्प्यांत वाटा: चासीचे वेगळे, केबिनचे वेगळे, टप्पा झाल्यावर पुढचे.

जागा, ऋतू आणि घरची माणसं

खोललेली गाडी उभ्या गाडीच्या तिप्पट जागा घेते. हौदा एकीकडे, केबिन एकीकडे, मध्ये चासी. इंदिरानगरच्या फ्लॅटच्या पार्किंगमध्ये हे होणार नाही. सोसायटीचे सेक्रेटरी चौथ्या दिवशी येतील आणि त्यांचं बरोबर असेल. बंगल्याचा पोर्च, मळ्यातली शेड किंवा एमआयडीसीत मित्राच्या शेडचा कोपरा हवा. मळ्यात जागा फुकट असते, पण तिथे जायला दीड तास आणि चहापाण्यात दोन तास. महिन्यातून चार रविवार धरले असतील तर दोनच धरा.

द्राक्षाच्या हंगामात मळ्याकडची मदत मिळणार नाही. पावसाळा कार्ब्युरेटर, डायनमो, सेल्फ असल्या टेबलावरच्या कामांचा. बाहेरचं काम दिवाळी ते होळी. या हिशेबानं वर्षात फार थोडे रविवार कामाचे उरतात, ते पंचांगावर आत्ताच मोजा.

पैशांचा अंदाज चार जणांना विचारून काढा आणि सर्वात मोठ्या आकड्याच्या निम्मी रक्कम आणखी बाजूला ठेवा. ती गेलेली चालणार नसेल तर आज सुरू करू नका. घरी आधी सांगा, नंतर नाही. आमच्याकडे ठरलं की बोक्याचा खर्च एका डब्यात. डबा रिकामा झाला की काम थांबणार, उधारी नाही. दोनदा थांबलं. घर शाबूत आहे.

मग काय ठरवायचं

कागद नीट, चासी सरळ, केबिन बरीचशी शाबूत, एक चाक महिन्या-दीड महिन्यात झालं आणि करताना बरं वाटलं, तर घ्या हातात. पण शक्यतो गाडी चालती ठेवूनच एक-एक भाग करत जा. चालणाऱ्या गाडीवर माणसाचं मन टिकतं. खोललेल्या चासीवर पहिल्या वर्षानंतर प्लॅस्टिकचं कापड येतं आणि कापडावर कुंड्या.

कागद नीट, पण केबिनला 'गोवर' असेल, तर यंत्राचं काम घरी आणि पत्रा बाहेर. चाक तीन महिने उघडं पडलं असेल, तर सगळी गाडी मिस्त्रीकडे द्या आणि शनिवारी जाऊन बघत बसा. तेही वाईट नाही. चहा चांगला मिळतो. चासीचा हँगर कुजलेला आणि कागद अडलेले, तर नंबरची पाटी आणि आवडीचा एखादा तुकडा काढून घ्या आणि उरलेल्या गाडीची नोंदणी रीतसर रद्द करून ती भंगारात द्या. नोंदणी रद्द न करता दिलेल्या गाडीचा कर मागायला पत्र येतं ते तुमच्याच नावानं.

बोक्याची केबिन सध्या सातपूरच्या एका डेंटरकडे आहे. तीन चाकांचे ब्रेक झाले. मागच्या डाव्या चाकाचा हब पुलर लावूनही हललेला नाही. पुलर ताणून, हबला डिझेल पाजून तसाच ठेवलाय. रात्री कधीतरी आपोआप सुटतो आणि मोठा आवाज होतो, असं चाचा म्हणाले. चार रात्री झाल्या. इंजिनाचं ते झाकण मी घासून, रंग न देता, हॉलमध्ये टीपॉय म्हणून ठेवलंय. बायको त्यावर गोणपाटाची घडी घालते.